साथीच्या ड्युटीतलं बर्नआउट: वॉर्डाने, वरिष्ठांनी आणि घरच्यांनी काय करायचं

मे २०२०मध्ये हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुलं उधळली. एप्रिल २०२१मध्ये महाराष्ट्रात दिवसाला ६० हजारांवर नवे रुग्ण नोंदले जात होते, तोवर 'कोविड योद्धा' छापलेल्या प्रमाणपत्रांचे गठ्ठे जमले होते. पण पुढच्या रविवारी आपल्याला ऑफ आहे का, हे बहुतेक सिस्टरांना शनिवारी रात्रीपर्यंत कळत नव्हतं. हा लेख त्या ऑफविषयी आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बर्नआउटवरचा निम्म्याहून अधिक इलाज ड्युटी लिस्टमध्ये असतो. योगासनं, प्राणायाम, समुपदेशन या सगळ्याची जागा त्यानंतरची. सलग नाइट करून आलेल्या ब्रदरला 'मन प्रसन्न कसे ठेवावे' या वेबिनारची लिंक पाठवणं ही थट्टा आहे, आणि अशी थट्टा त्या दोन वर्षांत भरपूर झाली. म्हणून इथे इनचार्ज सिस्टर, मेट्रन (परिचारिकांच्या प्रमुख), युनिट हेड, पीएचसीचे (प्राथमिक आरोग्य केंद्राचे) वैद्यकीय अधिकारी यांच्यासाठी जास्त मजकूर आहे आणि 'स्वतःची काळजी घ्या' या सदरात तुलनेने कमी.

पायरी १: आधी ओळखा, हे नेमकं काय आहे

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या जागी दीर्घकाळ साचलेला आणि नीट न हाताळलेला ताण, असं त्याचं वर्णन केलं. त्याच्या तीन खुणा: अंगातलं बळ संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं.

वॉर्डात या खुणा अशा दिसतात. एरवी पेशंटला 'आजी', 'काका' म्हणणारी सिस्टर नुसतं 'बेड चौदा' म्हणू लागते. नातेवाइकाने तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला की आवाज चढतो आणि नंतर त्याचं काहीच वाटत नाही. इन्फ्युजनचा (शिरेतून जाणाऱ्या औषधाचा) दर एकदा लावून झाला की माणूस पुन्हा पुन्हा तपासत बसतो, नाहीतर बघतच नाही. हँडओव्हर तुटक होतो. हसरा जेआर वन (पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर) डबा न उघडता परत नेतो.

आता फरक कसा करायचा? सलग दोन दिवस ऑफ मिळाला, पोटभर झोप झाली आणि तिसऱ्या दिवशी माणूस ताळ्यावर आला, तर तो थकवा होता. झोप होऊनही ड्युटीचं नाव काढलं की पोटात गोळा येतो, पण घरात, मुलांत, मॅच बघण्यात मन रमतं, तर बर्नआउटचा विचार करा. आणि कशातच मन रमत नसेल, आवडतं जेवणही बेचव लागत असेल, हे दोन आठवडे टिकलं असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला डॉक्टर लागतो. ही ढोबळ चाळणी आहे, निदान नाही. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी पाच मिनिटांत होते. बेरीज १० किंवा जास्त आली तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. शेवटचा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी कोणाशी तरी बोला.

एक गोष्ट हमखास राहून जाते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. दुसऱ्यांचं रक्त रोज काढणाऱ्यांनी स्वतःचं शेवटचं कधी तपासलं, हे विचारून बघा. कोविड होऊन गेलेल्या काहींचा थकवा महिनोन्महिने रेंगाळतो, हेही आता माहीत झालं आहे. त्यावर 'तुझं मन लागत नाही' असा शिक्का मारणं अन्यायाचं.

पायरी २: ड्युटी लिस्ट नव्याने लावा

कागद-पेन घेऊन बसा आणि लिस्टवरचे तास बाजूला ठेवून खरे तास लिहा. पीपीई किटमधली सहा तासांची ड्युटी कधीच सहा तासांची नसते. आधी डोनिंग म्हणजे किट चढवणं, नंतर डॉफिंग म्हणजे ते उतरवणं, अंघोळ, हँडओव्हर, मग बस नाही म्हणून थांबणं. घरातून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंतचा काळ मोजला की मगच लिस्टचं खरं वजन कळतं. शक्य असेल तिथे किटमधला सलग वेळ चार तासांवर आणा. तेवढी माणसं नाहीत, असं उत्तर येईल. मग निदान एवढं करा: दर पाळीत एक मोकळा हात किटबाहेर ठेवा. नोंदी, फोन आणि इंडेंट (औषध-सामानाची मागणी) त्याने पाहायचे, आणि आत कोणाला चक्कर आली तर त्यानेच आत जायचं.

नाइटबाबत काही नियम पाळण्यासारखे आहेत. सलग तीन, फार तर चार नाइट. नाइट संपल्यावर दोन पूर्ण दिवस मोकळे. ज्या सकाळी नाइटवरून सुटलो तो दिवस त्यात धरायचा नाही. पाळ्या पुढे सरकाव्यात, म्हणजे मॉर्निंगनंतर इव्हिनिंग, इव्हिनिंगनंतर नाइट. उलट्या क्रमाने शरीर लवकर जुळवून घेत नाही. दोन ड्युट्यांमध्ये किमान ११ तास. इव्हिनिंग करून रात्री साडेनऊला घरी पोचलेल्या बाईला सकाळी साडेसातला उभं करायचं, हा प्रकार इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही चुकतंय असं कोणाला वाटतही नाही.

ऑफ एकदा दिला की दिला. त्या दिवशी फोन नाही, ग्रुपवर 'कोणी येऊ शकेल का' नाही. अडचण आली तर बोलावायला वेगळी स्टँडबाय यादी असावी आणि स्टँडबायचा दिवस ड्युटीत मोजावा. लिस्ट किमान दोन आठवडे आधी भिंतीवर लागावी. माणसाला सगळ्यात जास्त थकवतं ते पुढे काय वाढून ठेवलंय हे न कळणं.

विलगीकरणाला विश्रांती समजू नका. २०२०मध्ये सुरुवातीला अनेक ठिकाणी ठरावीक दिवस ड्युटी आणि मग लॉजवर किंवा हॉस्टेलवर विलगीकरण, अशी पद्धत होती. पुढे ती बहुतेक ठिकाणी गुंडाळली गेली, तेव्हा प्रशासनातल्या काहींचा सूर असा होता की कर्मचाऱ्यांची सुट्टीच गेली, त्यात काय एवढं. परक्या खोलीत स्वॅबच्या रिपोर्टची वाट बघत पडून राहणं आणि घरच्या अंथरुणावर निर्धास्त झोपणं यांत काय फरक असतो, हे ज्याने केलं त्यालाच विचारा.

कामाची वाटणी करताना जड कामं एकाच माणसाच्या वाट्याला येत नाहीत ना, हे बघा. मृत्यू डिक्लेअर करणं, नातेवाइकांना फोन करणं आणि बॉडी पॅक करणं ही तीन कामं आठवडाभर त्याच दोघांकडे जातात, कारण ते 'खंबीर' आहेत. खंबीर माणसं गप्प बसून मोडतात. ही कामं नावं लिहून फिरवा.

निवासी डॉक्टरांसाठी वेगळं सांगायला हवं. केंद्राच्या १९९२च्या निवासी योजनेत दिवसाला १२ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा लिहिलेली आहे. २०२३च्या पदव्युत्तर नियमांत आठवड्याची सुट्टी आहे, पण कामाची निकड पाहून. २०२४मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कार्यदलाने ७४ तासांची मर्यादा सुचवली. कागदावरचे हे तीन आकडे आणि इमर्जन्सीच्या दिवशीची सलग ३६ तासांची ड्युटी शेजारी शेजारी ठेवून पाहा. तक्रार करायची असेल तर 'फार काम असतं' असं म्हणून भागत नाही. युनिटमधल्या सगळ्यांनी तीन आठवडे खरे तास लिहून काढा, कधी आलो, कधी सुटलो, किती झोपलो. तो तक्ता मार्डच्या, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या, प्रतिनिधीमार्फत विभागप्रमुखांकडे द्या आणि पोच घ्या. आकडा समोर आला की 'आमच्या वेळी तर' हे वाक्य निम्म्यावर थांबतं. नेहमी थांबतंच असं नाही.

माणसं वाढत नसतील तर कामं कमी करा. तोच आकडा पोर्टलवर, एक्सेलमध्ये, जिल्ह्याच्या ग्रुपवर आणि रजिस्टरात, असा चार वेळा लिहायला प्रशिक्षित परिचारिका कशाला हवी? साथीत हे काम एका लिपिकाकडे किंवा गर्भारपणामुळे आत न जाऊ शकणाऱ्या सहकाऱ्याकडे द्या. मानांकनाची किंवा तपासणीची फाइल त्या काळात कपाटात राहिली तरी चालते.

पायरी ३: ड्युटीच्या आतली छोटी व्यवस्था

जोड्या लावा. डोनिंगला एकमेकांची गाठ, मास्कची कड, हातमोज्याची बाही तपासायला जोडीदार लागतोच. तोच डॉफिंगनंतर दोन प्रश्न विचारील. जेवलीस का? काल झोप लागली का? याहून मोठं मानसशास्त्र रोजच्या रोज लागत नाही. सलग तीन दिवस उत्तर 'नाही' आलं तर इनचार्जला सांगायचं, एवढं आधीच ठरलेलं असावं, म्हणजे ती चहाडी ठरत नाही.

आराम करायच्या खोलीत आतून कडी लागते का, बाईला कपडे बदलता येतात का, संडास चालू आहे का, पाण्याचा जार भरलेला आहे का, हे मेट्रनने स्वतः जाऊन बघावं. किट घातल्यावर लघवीला जाता येत नाही म्हणून पाणीच न पिणं आणि मासिक पाळीच्या दिवसांत तसंच उभं राहणं, हे बायकांनी निमूट सोसलं. ड्युटीची वेळ लावताना पाळीचा पहिला-दुसरा दिवस किटबाहेर द्यायची मुभा हवी, आणि ती मागताना कारण चारचौघांत सांगावं लागू नये.

त्याच खोलीत मामा-मावशींनाही (वॉर्डबॉय आणि आयांनाही) बसता आलं पाहिजे. सफाई कर्मचारी, सुरक्षारक्षक, १०८ रुग्णवाहिकेचे चालक, शवागारातले लोक यांच्यातले बरेच कंत्राटी असतात, त्यांची नावं कुठल्याच 'वेलनेस' यादीत नसतात, आणि मृतदेह सगळ्यात जास्त वेळा उचलतात तेच.

नाइटला वीस मिनिटांची डुलकी घ्या, आळीपाळीने, गजर लावून. तासभर गाढ झोपून उठलं की काही वेळ डोकं चालत नाही. कॉफी, चहा पहाटे तीनपर्यंत; त्यानंतरची कॉफी सकाळची झोप खाते, कारण तिचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही शरीरात असतो. आणि नाइट करून दुचाकी चालवू नका. दोघी-तिघींनी मिळून रिक्षा करा, किंवा तिथेच थोडं झोपून, नीट जाग आल्यावर मग निघा.

पायरी ४: मृत्यूंनंतर, आणि ज्या निर्णयांनी मन सलतं त्यानंतर

दुसऱ्या लाटेत अनेकांना मोडलं ते कामाने नव्हे. एक व्हेंटिलेटर, तीन पेशंट, रात्रीचे दोन, आणि निर्णय पंचविशीतल्या जेआरच्या डोक्यावर. जे करायला हवं हे माहीत आहे ते करता न येणं, ही जखम थकव्याहून वेगळी असते. झोपेने ती भरत नाही. इंग्रजीत तिला 'मॉरल इंजुरी' म्हणतात.

यावरचा उपाय आधीच करायचा असतो. कोणाला बेड, कोणाला व्हेंटिलेटर, हे दोन-तीन वरिष्ठांनी मिळून ठरवावं, कारण केसपेपरवर लिहावं, त्यांनीच सही करावी. रात्री ते फोनवर उपलब्ध असावेत. निर्णय चुकला तरी तो एकाचा राहत नाही.

मोठा आघात झाल्यावर सगळ्यांना एका खोलीत बसवून 'बोला, मोकळे व्हा' असं सक्तीचं सत्र घेऊ नका. ऐकायला बरं वाटतं, पण अशा एका बैठकीतल्या सक्तीच्या डीब्रीफिंगने पुढचा त्रास टळतो असं संशोधनात दिसलेलं नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनाही ते करू नका म्हणते. त्याऐवजी पाळी संपताना उभ्या उभ्या दहा मिनिटं थांबा. काय झालं, त्यातलं काय जमलं, उद्या काय वेगळं करायचं, आणि आज कोण कोणासोबत घरी जाणार. ज्याला बोलायचं नाही त्याने गप्प राहावं. पुढच्या आठवड्यात त्याच्याशी कोणीतरी एकट्याने चहा घ्यावा.

नातेवाइकांना मृत्यूची बातमी फोनवर देणं हे शिकवावं लागतं, अंगावर टाकून येत नाही. आधी स्वतःचं नाव आणि वॉर्ड सांगा. 'तुम्ही कुठे आहात? सोबत कोणी आहे का?' हे विचारा. मग 'बाबांचं निधन झालं' असं स्पष्ट म्हणा. 'सिरियस आहेत', 'प्रयत्न चालू आहेत' असं लांबवू नका. नंतर थांबा. पलीकडचा रडत असेल तर रडू द्या. अशा तीन फोननंतर त्या माणसाला त्या पाळीत चौथा फोन देऊ नका.

२१ एप्रिल २०२१ला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती झाली आणि पुरवठा थांबल्याने २०हून अधिक रुग्ण गेले. दोनच दिवसांनी विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. अशा घटनेनंतर कर्मचाऱ्यांसमोर एकाच वेळी मृतांचे नातेवाईक, कॅमेरे, पोलीस आणि चौकशी समिती उभी राहते. जबाब घेणारा आणि धीर देणारा माणूस एकच असू नये. ज्यांची ती ड्युटी होती त्यांच्यासोबत चौकशीशी संबंध नसलेला एक वरिष्ठ सहकारी आठवडाभर राहील, असं रुग्णालयाने ठरवून टाकावं. आणि त्यांच्या घरच्यांना बातम्या बघून कळायच्या आत फोन जावा.

मारहाण झाली तर तक्रार संस्थेने करायची; मार खाल्लेल्या सिस्टरला एकटीला पोलीस ठाण्यात पाठवायचं नाही. महाराष्ट्राचा २०१०चा कायदा आहे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. कायद्याची प्रत कॅज्युअल्टीच्या टेबलावर असू द्या.

पायरी ५: गावात, आशाताईंसाठी

शहरातल्या वॉर्डाबद्दल सगळे लिहितात. सप्टेंबर २०२०मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झालं तेव्हा ऑक्सिमीटर आणि थर्मल गन घेऊन दारोदार फिरल्या त्या आशाताई. काही घरांनी दार लावून घेतलं, काहींनी 'तूच आजार आणतेस' म्हटलं, आणि त्यांना कामाबद्दल मिळत होता तो पगार नव्हता, मोबदला होता. १५ जून २०२१पासून राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या, त्यानंतर मोबदल्यात वाढ झाली. बर्नआउटच्या चर्चेत पैशांचा विषय काढला की काहींना तो हलका वाटतो. वेळेवर न मिळणारे पैसे हा बर्नआउटचा थेट भाग आहे, हे आशाताईंवर देखरेख करणारी गटप्रवर्तक डोळे झाकून सांगेल.

पीएचसीने तीन गोष्टी कराव्यात. एका दिवशी एकच सर्व्हे. कुष्ठरोग, क्षयरोग, कोविड आणि आयुष्मान कार्ड एकाच फेरीत कोंबायचं नाही. पहिल्या फेरीला सरपंच किंवा ग्रामसेवक सोबत असावा, म्हणजे दार उघडतं. आणि महिन्याच्या बैठकीत पहिली वीस मिनिटं आकड्यांची नकोत, ताईंच्या बोलण्याची हवीत. वैद्यकीय अधिकाऱ्याने त्या वेळी मोबाइल खाली ठेवावा.

पायरी ६: घरी

घरच्यांसाठी दोन-तीन सूचना. दारातच 'आज किती गेले?' विचारू नका. अंघोळ, जेवण होऊ द्या. बोलायचं असेल तर माणूस स्वतः बोलतो. दोन खोल्यांच्या घरात नाइटनंतर झोपणं हे संपूर्ण घराचं काम आहे: जाड पडदा, कुकरची शिट्टी अकरानंतर, दारावर 'झोपले आहे' अशी चिठ्ठी. सासूबाईंना हे सुनेने सांगण्यापेक्षा मुलाने आपल्या आईला सांगावं.

झोप येत नाही म्हणून वॉर्डातल्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. आपल्या क्षेत्रात औषध हाताशी असतं आणि डोस माहीत असतो, हाच धोका. दारूचंही तेच, तिने डोळा लागतो, पण पहाटे उघडतो.

पायरी ७: मदत मागताना

टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. चोवीस तास, विनाशुल्क, मराठीत बोलता येतं. आपल्याच रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत रांगेत उभं राहायला लाज वाटणं साहजिक आहे. शेजारच्या तालुक्यातल्या किंवा दुसऱ्या संस्थेतल्या डॉक्टरांकडे जा. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तुमच्या उपचारांची माहिती मेट्रनला किंवा विभागप्रमुखांना परस्पर देता येत नाही.

सहकारी मरणाचं बोलला तर 'असं बोलू नकोस' म्हणून विषय मिटवू नका. सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्याने विचार पेरला जात नाही. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, औषधांच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्या.

रजेवरून परतलेल्याला पहिले दोन आठवडे नाइट देऊ नका, आणि 'आता बरं वाटतंय ना?' हे सगळ्यांसमोर विचारू नका.

पायरी ८: लाट ओसरल्यावर

इथे बहुतेक संस्था चुकतात. २००३मध्ये टोरंटोत सार्स आला होता. त्यानंतर १३ ते २६ महिन्यांनी तिथल्या रुग्णालयांतल्या लोकांना तपासलं, तर सार्सचे रुग्ण न आलेल्या हॅमिल्टनमधल्या रुग्णालयांपेक्षा त्यांच्यात बर्नआउट आणि मानसिक त्रास जास्त आढळला. म्हणजे वॉर्ड रिकामा झाल्यावरच हिशेब सुरू होतो. आपल्याकडे तर लाट ओसरली की लगेच तुंबलेल्या शस्त्रक्रिया आणि राहिलेलं लसीकरण अंगावर आलं, आणि साथीपुरते घेतलेले कंत्राटी हात घरी गेले.

तेव्हा लाट संपल्यावर तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या आणि चोविसाव्या महिन्यात प्रत्येक वॉर्डात विचारपूस होईल, अशी तारीख आत्ताच डायरीत घाला. निनावी कागदावर चारच प्रश्न पुरतात: झोप कशी आहे, कामावर यावंसं वाटतं का, वॉर्डातली कुठली एक गोष्ट बदलावी, कोणाशी बोलायचं आहे का. शेवटच्या प्रश्नाखाली फोन नंबरसाठी रिकामी ओळ ठेवा. ज्याला हवं तो लिहील. सोबत आस्थापना शाखेकडून तीन गोष्टी काढा: आजारपणाच्या रजा, बदलीचे अर्ज, राजीनामे. एखाद्या वॉर्डात हे तिन्ही वाढलेले दिसले तर तिथल्या लोकांना दोष देण्याआधी तिथली ड्युटी लिस्ट मागवा.

साठलेले कॉम्प-ऑफ (जादा ड्युटीच्या बदल्यातली सुट्टी) आणि रजा हे देणं आहे, मेहेरबानी नाही. सरकारी नोकरीत किरकोळ रजा वर्षाला आठच असतात आणि ३१ डिसेंबरला बुडतात. इनचार्ज सिस्टरने ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात यादी काढावी, कोणाच्या किती उरल्या आहेत ते पाहावं, आणि ज्यांनी एकही घेतलेली नाही त्यांची नावं नोव्हेंबरच्या लिस्टमध्ये सगळ्यात आधी बसवावीत.